कॅन्सर तपासणी: बायकांना सांगत नाही, पुरुषांना गाठत नाही

तिरकस: सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या सगळ्यांची दर पाच वर्षांनी तपासणी व्हायला हवी. तोंड दोघांचं, स्तन आणि गर्भाशयमुख बायकांचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयात गर्भाशयमुख कधीतरी तपासलेल्या बायका १.९ टक्के, तोंड तपासलेले पुरुष १.२ टक्के. आकडे दोन्ही केविलवाणे, पण कारणं वेगळी. पुरुषाला धोका माहीत आहे, तंबाखूच्या पुडीवरच छापलाय. तरी तो येत नाही. बाई येते, पण बीपी-शुगरसाठी म्हणून. पुढचं तिला टेबलावर आडवं झाल्यावर कळतं. याला सहभाग म्हणायचं?

सडाफटिंग: पुरुषाला कसला डोंबलाचा धोका माहीत आहे! पुडीवरचं चित्र शेवटच्या अवस्थेचं. तपासायचा असतो तो तोंडातला न दुखणारा पांढरा किंवा लाल चट्टा. आशाताई सकाळी येते तेव्हा गडी कामावर, म्हणून त्याचा धोका मोजायचा फॉर्म बायको सांगेल तसा भरतात. रोजच्या तंबाखूला दोन गुण, 'कधीमधी'ला एक. बेरीज चारच्या वर गेली तरच तातडीने बोलावणं, त्यामुळे एका गुणानेही माणूस सुटतो. आणि तपासणीला लागतं काय? टॉर्च, लाकडी पट्टी, जीभ धरायला गॉज. चूळ भरायला लावायची. गाल, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखाली बघायचं. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर पुढे पाठवायचं. संध्याकाळी एमआयडीसीच्या गेटवर टेबल टाका, येतात की नाही बघा.

रोखठोक: माहितीचं एवढं स्तोम नको. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांवर मोठी चाचणी केली. गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून, पांढरा डाग उठतो का बघून दर दोन वर्षांनी तपासलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दुसऱ्या गटाला नुसती माहितीच दिली होती! सगळं आधी सांगत बसलात तर निम्म्या बायका उठून जातील.

तिरकस: तपासणीऐवजी माहिती द्या असं म्हटलंय कुणी? आधी द्या. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरायचं साधन) आत जाणार, पाच टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड जरा चुरचुरणार, मिनिटभर थांबून बघणार. पांढरा डाग दिसला म्हणजे कॅन्सर नव्हे. नुसत्या सुजेनेही दिसतो. हे न सांगता 'पॉझिटिव्ह' म्हणालात की बाई हाय खाते आणि पुन्हा फिरकत नाही. तुमची गळती तिथे आहे.

पाटावरवंटा: ॲसिडवर का अडलात? उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या चाचणीत एकदाच केलेल्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा विषाणू) तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले, ॲसिडवाल्या गटात ठळक फरक पडला नाही. एचपीव्हीचा नमुना बाई स्वतः आडोशाला घेऊ शकते.

सडाफटिंग: आणि रिपोर्ट घरी गेला की 'कुठून आणलंस?' हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, हे नवऱ्याला कुणी सांगितलंय? बदनामी तिचीच.

रोखठोक: म्हणूनच म्हणतो, डाग दिसला आणि पात्र असली की त्याच दिवशी थर्मल ॲब्लेशन (डागाची जागा उष्णतेने जाळणं) उरका. परत बोलावलंत की ती घरी 'विचारून सांगते' आणि संपलं.

तिरकस: उरका, पण संमती टेबलावर चढण्याआधी घ्या. नंतर पाण्यासारखा स्राव जातो, महिनाभर संबंध टाळायचे असतात. हे पथ्य नवऱ्याला कळल्याशिवाय कसं पाळणार ती? त्याच दिवशी त्याला शेजारी तोंडतपासणीला बोलवा, तिची हरकत नसेल तर तिथेच सांगा.

पाटावरवंटा: म्हणजे तो पडद्याबाहेर उभा राहून तिच्या वतीने 'नको' म्हणणार. नवऱ्यांचा दिवस वेगळाच ठेवा.