मदत हवी आहे: मुलाला पुन्हा जामीनदार द्यायचा का? (नागपूर)

मानेवाड्याची_आई

नमस्कार. ओळख लपवून लिहिते आहे, समजून घ्या. मुलगा २५ वर्षांचा, आयटीआय झालेला. सध्या सेंट्रल जेलमध्ये आहे.

मागच्या वर्षी चोरीचे मोबाईल घेऊन विकले म्हणून पहिली केस झाली, न्याय संहितेचं कलम ३१७. कोर्टानं २५ हजारांचा जामीन मंजूर केला. आमचं घर भाड्याचं, लावायला कागद नाही. शेवटी माझ्या भासऱ्यांनी काटोलच्या संत्र्याच्या वावराचा सातबारा लावला. पोट्टा आधी तारखांना गेला, मग जाणं सोडलं. घरी येऊन सांगायचा, जाऊन आलो, पुढची पडली. वॉरंट निघालं, भासऱ्यांना नोटीस आली की आरोपीला हजर करा, नाहीतर जामिनाची रक्कम का वसूल करू नये ते सांगा. त्या वॉरंटवर शोधतानाच तो दीड ग्रॅम एमडी, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीसह सापडला. आता दोन केसेस. ह्यांच्या नावावरची गाडी ठाण्यात जमा आहे ती वेगळीच. तिच्यावर तो डिलिव्हरी करायचा.

मिस्टरांचं एकच, पहिले पोराला बाहेर काढा. उमरेडच्या नणंदेला जामीनदार राहा म्हणून विचारायला निघाले आहेत. मी म्हणते, आता कोणाचाही सातबारा नाही. बाहेर आला की तीच पोरं, तोच नाका, तीच पावडर. जाऊबाईंचा फोन बंद झाला आहे. घरात धाकटी बारावीला आहे, तिच्या क्लासची फी गेल्या वेळी वकिलाला गेली. त्याला आत ठेवायची मला हौस नाही. रात्रभर जागा राहून जबडा आवळत फेऱ्या मारणारं पोरगं मी बघितलं आहे, मिस्टर तेव्हा रात्रपाळीला असायचे.

जामीनदार दिला नाही तर तो वर्षानुवर्षं आतच सडेल का? भासऱ्यांचं वावर जाईल का? मिस्टरांचे मित्र सांगून राहिले की पेपरात जाहीर नोटीस द्या, मुलाशी संबंध नाही, म्हणजे मोकळे. खरं आहे का? कोर्टाच्या आवारात एक जण भेटला, पैसे द्या, जामीनदार मी उभा करतो म्हणाला.

उपदेश नको. ‘संस्कार’ हा शब्द तर नकोच.

संत्रावाला

काटोलचाच आहे ताई. आमच्या चुलत्यांना अशीच नोटीस आली होती, गावभर बोंब झाली की वावर गेलं. काही गेलं नाही. घाबरून घरी बसू नका एवढंच, भासऱ्यांना तारखेवर जायला लावा. नोटीस घेतली नाही म्हणजे टळली असं समजणारे आमच्याकडे लई आहेत.

सिव्हिल_लाईन्सचा_वकील

फौजदारी कामं करतो. कागद न पाहता लिहितोय, तेवढं धरून वाचा.

आधी भासरे. त्यांची जबाबदारी बंधपत्रातल्या रकमेपुरती. मुलगा आता कोठडीतच आहे, हे त्यांनी वकिलामार्फत कोर्टाला लेखी सांगायचं. कारण पटलं तर कोर्ट दंडाची रक्कम कमी करू शकतं. पुढे जामीनदार राहायचं नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८९ खाली मोकळं होण्याचा अर्ज देता येतो. मग मुलाला दुसरा जामीनदार द्यावा लागतो, नाहीतर आत. हे काम उमरेडला जाण्याआधी करा.

जाहीर नोटिशीनं यातलं काहीच सुटत नाही. सही केलेलं बंधपत्र पेपरातल्या चार ओळींनी रद्द होत नाही. आणि त्या आवारातल्या माणसाच्या नादी लागू नका. असे जामीनदार बनावट कागदांवर उभे राहतात, उघड झालं की नवा गुन्हा, त्यात तुमचंही नाव.

सज्ञान मुलाला जामीनदार देण्याची सक्ती आईबापावर नाही. तुम्ही दिला नाही म्हणून तो विसरला जातो असंही नाही. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं आणि महिना उलटला तर कोर्टानं अटी सैल करण्याचा विचार करायचा, असे सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत. पहिल्या केसमध्ये मात्र तो तारखा चुकवून पळालेला आहे, तिथं कोर्ट सहज ऐकणार नाही. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा कोर्टातच प्राधिकरणाचं ऑफिस आहे, हेल्पलाईन १५१००. धाकटीची फी पुन्हा मोडू नका.

आता तुमच्या भांडणात कोणी काढलेला दिसत नाही तो मुद्दा. एमडीचं दोन ग्रॅमपर्यंतचं प्रमाण ‘अल्प’ धरतात. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४अ म्हणतं की अल्प प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यातून त्याला सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर सूट काढून घेता येते. मोबाईलच्या केसला याचा उपयोग नाही. गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, मागता येईल, मालक तुमचे मिस्टर असल्यानं अर्ज त्यांनीच करायचा.

कामठीरोड

माझ्या भावासाठी यातून गेले आहे. जेलमध्ये मुलाखतीला, म्हणजे भेटीला गेलात की केसबद्दल कमी बोला, झोप, जेवण, थरथर याबद्दल विचारा आणि ते कारागृहाच्या डॉक्टरांच्या नावे अर्जात लिहून द्या. बाहेर मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत विचारा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन १४४४६ आहे, तिथं घरचेही बोलू शकतात. आणि भाऊजींना एकटं उमरेडला पाठवू नका, ते घेऊन येतील सातबारा.

मानेवाड्याची_आई

सगळ्यांचे आभार. मिस्टरांना वाचून दाखवलं. गाडीच्या मुद्द्यावर कान टवकारले, बाकीचं ऐकलं की नाही माहीत नाही. वकीलसाहेब, ‘स्वतःहून’ म्हणजे त्यानंच म्हणायला हवं का? मुलाखतीत तो एवढंच म्हणतो, बाबाला सांग लवकर काढ. उपचार म्हटलं की हसतो.

सिव्हिल_लाईन्सचा_वकील

हो, त्याचीच तयारी लागते, तुमच्या सहीनं चालणार नाही. आज हसतोय म्हणून सोडून देऊ नका, विधी सेवेचा वकील आत जाऊन समजावेल तेव्हा वेगळं बोलू शकतो. तोवर दोन्ही केसचे सीएनआर नंबर (कोर्टानं प्रत्येक केसला दिलेला ओळख क्रमांक) लिहून घ्या, ई-कोर्ट्स ॲपवर तारखा तुम्हालाच दिसतील. भासऱ्यांची पुढची तारीख पहिली बघा.