नवीन फ्रीज रात्री टक्-टक्, गुळगुळ वाजतो, नॉर्मल आहे का?

वऱ्हाडातली_सून
जुना सिंगल डोअर काढून आत्ताच डबल डोअर फ्रॉस्ट फ्री घेतला, इन्व्हर्टरवाला. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला माहितीच आहे. तर हा फ्रीज बंदच होत नाही, सारखा बारीक घूंऽऽ चालू, मधूनच पोटात गुळगुळ आणि रात्री सगळं शांत झालं की एकदम टक् करून वाजतो, सासूबाई दचकून उठतात. शिवाय दोन्ही साइड हाताला गरम लागतात. त्या म्हणतात पीस खराब आलाय, आणि बिल वाढेल म्हणून रात्री बटणच बंद करतात. काय करू?

गॅसकिटवाला
ताई, पंधरा-वीस वर्षं फ्रीज दुरुस्तीचंच काम करतोय, तुम्ही लिहिलंय त्यात एकही फॉल्ट नाही. जुना कॉम्प्रेसर फुल स्पीडने चालायचा आणि थंड झालं की खटकन बंद व्हायचा, इन्व्हर्टरवाला स्पीड कमी करून बराच वेळ हळूहळू चालत राहतो, म्हणून तो बंद होत नाही असं वाटतं. गुळगुळ म्हणजे पाइपातून फिरणारा गॅस, कॉम्प्रेसर थांबल्यावर तर जास्तच ऐकू येतो. टक् आवाज आतल्या प्लॅस्टिकचा, थंड-गरम होताना ते आकसतं-फुगतं. फ्रॉस्ट फ्रीमध्ये अधूनमधून हीटर लागून बर्फ वितळतो तेव्हा पाण्याचा थेंब हीटरवर पडून चर्र वाजतं, तेही चालतं. आणि साइड गरम असतात कारण मागची ती काळी जाळी आता पत्र्याच्या आत असते, आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. म्हणून कपाटाला चिकटवून ठेवू नका आणि वरून साइडला लोंबणारं कव्हर तर अजिबात घालू नका.

घाबरायचं कधी ते सांगतो: दर काही मिनिटांनी कट् आवाज, थोडी घूं, परत कट्, आणि आत थंड काहीच नाही. म्हणजे कॉम्प्रेसर स्टार्टच होत नाहीये. तेव्हा कंपनीला फोन करा. पत्र्याचा खडखडाट असेल तर आधी पुढचे पाय फिरवून लेव्हल बघा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

बिलाचा_हिशोब
रात्री बंद करणं आधी थांबवा!! दूध, भिजवलेली कणिक, कालची भाजी सगळं रात्रभर कोमट होतं आणि सकाळी तेच परत थंड करायला मशीन जोरात पळतं, वाचतं फार थोडं आणि नासतं जास्त. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, समजा २०० असतील तर दिवसाला साधारण अर्धा युनिट झालं (लेबलचा आकडा टेस्टिंगचा असतो, मे महिन्यात जास्त जाणारच). आता अर्ध्या युनिटातलं रात्रीचं किती वाचणार तुम्हीच बघा. त्यापेक्षा तापवलेलं दूध पूर्ण निवल्यावर आत ठेवा, आणि दारात नोट अडकवून ओढून बघा, सहज निघाली तर रबर सैल आहे. खाली ४ डिग्री, फ्रीझर उणे १८, बास. आमच्याकडे पाहुणे आले की कोणीतरी नॉब ७ वर, म्हणजे सगळ्यात थंडवर नेतं, मग कोथिंबिरीचा बर्फ.

पुणेरी_थंडावा
कोणी सांगेल का, दार उघडं ठेवून "काय खाऊ" असा विचार करणाऱ्यांना किती युनिट लागतात? आमच्याकडे दोन नमुने आहेत.

वऱ्हाडातली_सून
😂 आमच्याकडे एक. धन्यवाद सगळ्यांना, गॅसकिटवाले दादांचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं, साइड गरम असण्याचं पटलं, टक् चं अजून नाही. एक राहिलं, स्टॅबिलायझर लावायचा का? दुकानदार म्हणाला गरज नाही.

गॅसकिटवाला
मॅन्युअलमध्ये व्होल्टेजची रेंज दिलेली असते. संध्याकाळी पंखे मंदावतात, लाइट पिवळे पडतात एवढं व्होल्टेज उतरत असेल तर लावा, नाहीतर दुकानदार खरं बोलला. आणि लाइट गेली तर दार उघडू नका, बंद दारात तीन-चार तास आरामात निघतात.