सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवरच्या कुकीज रोज पुसाव्यात का?

वेण्णाकाठ:
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं सेवा केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक प्रिंटर. उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रिमीलेअर, शिष्यवृत्तीचे अर्ज, आणि निकाल लागले की प्रवेशाचे फॉर्म. जून-जुलैत उभं राहायला जागा नसते.

परवा सकाळी एक मुलगी आईला घेऊन आली. मेलमधून मार्कशीट काढून प्रिंट घेतली, विंडो बंद केली आणि गेली. दुपारी त्याच कॉम्प्युटरवर एका मुलाने मेलची तीच साइट उघडली, तर पासवर्ड न विचारता तिचा इनबॉक्स समोर! पोरगा सरळ, त्याने लगेच हाक मारली. मी लॉगआउट केलं. पण त्या मेलमध्ये तिचं आधार, पासबुकाचा फोटो, सगळं होतं. गावातल्या मुली माझ्या भरवशावर इथे बसतात, त्यामुळे हे डोक्यातून जात नाही.

भाचा म्हणतो, "मावशी, रोज रात्री कुकीज पुसून टाक." पण पुसल्या की माझ्या स्वतःच्या पोर्टलचं लॉगिनही जातं, आणि सकाळी रांग लागलेली असताना पुन्हा ओटीपीची वाट बघत बसावं लागतं. लोकांचे अर्धवट भरलेले अर्जही जातील अशी भीती वाटते. शिवाय साइट उघडली की खाली पट्टी येते, "ॲक्सेप्ट ऑल". लोक विचारतात, "ताई, काय दाबू?" दाबल्याने व्हायरस येतो का? आणि बटण दाबणारा गिऱ्हाईक, कॉम्प्युटर माझा, मग परवानगी नक्की कुणी दिली? कुणीतरी मुळापासून सांगा.

टर्मिनल:
ताई, प्रश्न फार नेमका मांडलात. मी पुण्यात वेबसाइटच्या सर्व्हरकडचं काम करतो, तर तिथूनच सुरुवात करतो.

वेब ज्या पद्धतीने चालतं त्यात सर्व्हरला मागचं काही आठवत नाही. तुम्ही पान उघडलं, सर्व्हरने ते दिलं, विषय संपला. पुढच्या क्लिकला तुम्ही त्याच्या लेखी नव्याने आलेल्या. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू माँटुली यांनी यावर कुकीचा तोडगा काढला. ऑनलाइन दुकानात टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर टिकावी, ही त्या वेळची गरज होती. सर्व्हर उत्तरासोबत "सेट-कुकी" अशी एक ओळ पाठवतो, ब्राउझर ती जपून ठेवतो आणि त्या साइटला प्रत्येक वेळी परत दाखवतो. एवढाच व्यवहार.

देवळाबाहेर चप्पल स्टँडवर नंबराचा बिल्ला मिळतो ना, तसंच समजा. बिल्ल्यावर फक्त आकडा, चपला आत फळीवर. आणि बिल्ला जो दाखवेल त्याला चपला मिळतात, चेहरा कुणी बघत नाही. त्या मुलाला इनबॉक्स दिसला तो याच कारणाने. पासवर्ड तिने सकाळी दिला होता, त्याबदल्यात मिळालेला बिल्ला तुमच्या ब्राउझरमध्ये पडून होता.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर कुठल्याही साइटवर एफ१२ दाबा, "ॲप्लिकेशन"मध्ये जा, डावीकडे "कुकीज" उघडा. तक्ता दिसेल: नाव, किंमत (म्हणजे साठवलेला मजकूर), डोमेन (म्हणजे कुठल्या साइटची), मुदत. भाषा मराठी निवडली असेल तर कधी कधी त्याचीही एक कुकी दिसते. लॉगिनची कुकी म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. मुदतीच्या रकान्यात काहींपुढे तारीख असते, काहींपुढे "सेशन". सेशनवाली कुकी ब्राउझर बंद केला की जायला हवी. पण एकच विंडो बंद केली आणि दुसरी चालू राहिली तर ती जात नाही. आणि क्रोममध्ये "जिथे सोडलं तिथून सुरू करा" हा पर्याय चालू असेल तर पूर्ण बंद करून उघडल्यावरही परत येते. हे सेटिंग दोन्ही कॉम्प्युटरवर आजच बघा. तारीखवाल्या कुकीला तर क्रोम ४०० दिवसांपर्यंत ठेवू शकतो.

व्हायरसचं म्हणाल तर कुकी हा प्रोग्रॅम नाहीच, साधारण चार केबीपर्यंतचा नुसता मजकूर असतो. ती स्वतः काही चालवू शकत नाही. खरा धोका उलट बाजूने आहे, व्हायरस कुकी चोरतो. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स या मोठ्या यूट्यूब चॅनेलचा ताबा असाच गेला. मेलमधून पीडीएफच्या वेशात आलेली फाइल कर्मचाऱ्याने उघडली आणि लॉगिनच्या कुकीज चोरांच्या हाती लागल्या. पासवर्ड-ओटीपी दोन्हींना वळसा, कारण ती तपासणी आधीच होऊन गेलेली असते. तुमच्याकडे दिवसभर लोक पेनड्राइव्ह लावतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. प्रिंटच्या फाइली शक्यतो ज्या कॉम्प्युटरवर तुमचं पोर्टल चालतं तिथे उघडू नका.

मांजराकाठ:
ताई, मी लातूरला सायबर कॅफे चालवतो. आमच्याकडे क्लासची पोरं, म्हणजे गर्दीचं विचारू नका. टर्मिनल यांनी कारण सांगितलं, मी सवय सांगतो.

तुमचं पोर्टल तुमच्या प्रोफाइलमध्ये. गिऱ्हाइकाला कायम गेस्ट विंडो. क्रोममध्ये वर उजवीकडे प्रोफाइलचं चित्र असतं, तिथे "गेस्ट" मिळेल. गेस्टच्या सगळ्या विंडो बंद झाल्या की कुकीज आपोआप जातात, तुमच्या लॉगिनला धक्का लागत नाही. इथे "सगळ्या" हा शब्द महत्त्वाचा. मागे एखादी गेस्ट विंडो दडलेली राहिली तर पुढच्या माणसाला जुनंच लॉगिन मिळतं. इन्कॉग्निटो, म्हणजे खाजगी विंडोचंही तेच. म्हणून माणूस खुर्चीतून उठला की मी खालच्या पट्टीवर नजर टाकून सगळं मिटवतो, मगच पुढच्याला बसवतो. तुमच्या प्रोफाइलला कुणी हात लावू नये असं वाटत असेल तर विंडोजमध्येच गिऱ्हाइकांसाठी वेगळं खातं करा.

आणखी एक, जे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. गेस्ट बंद केलं तरी डाउनलोड केलेल्या फाइली जात नाहीत. त्या मुलीची मार्कशीट अजून डाउनलोड्समध्ये असेल बघा. आधी ते फोल्डर रिकामं करा, मग रिसायकल बिन.

ऱ्हाइनकाठ:
मी जर्मनीत राहते, इथे या पट्ट्यांशी रोजचा संबंध. "काय दाबू?" याचं उत्तर मी देते: "रिजेक्ट" दिसत असेल तर बिनधास्त ते दाबायला सांगा. लॉगिन टिकवणारी किंवा अर्ज पुढच्या पानावर नेणारी कुकी आवश्यक गणली जाते, तिला युरोपच्या कायद्यातही परवानगी लागत नाही. पट्टी विचारते ती मुख्यतः मोजमापाच्या आणि जाहिरातींच्या कुकीजबद्दल. बातम्यांच्या, रेसिपीच्या, नोकरीच्या साइटवर एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा बसवलेला असतो. तो सगळीकडे आपलीच कुकी वाचतो आणि माणूस कुठे कुठे फिरला याची नोंद करतो. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०२० मध्ये या परक्या, म्हणजे थर्ड-पार्टी कुकीज सरसकट बंद केल्या. क्रोमनेही त्याच वर्षी तसं जाहीर केलं होतं, पण २०२४ मध्ये तो बेत सोडला. तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन "थर्ड-पार्टी कुकीज" स्वतः बंद करा.

"रिजेक्ट"चं बटण फुकट मिळालेलं नाही. १ ऑक्टोबर २०१९ ला युरोपच्या न्यायालयाने प्लॅनेट४९ या जर्मन कंपनीच्या खटल्यात सांगितलं की आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. पुढे फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला, तो जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला. कारण असं की होकार एका क्लिकमध्ये होत होता आणि नकाराला अनेक क्लिक लागत होत्या. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. थकलेल्या, घाईतल्या माणसाकडून उकळलेला होकार हा होकार नसतो.

परवानगी कुणाची, तर ज्याची माहिती आहे त्याची. भारताचा २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही तेच म्हणतो, आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय द्यायला सांगतो. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. पण ब्राउझरला माणूस कळत नाही. एकाने "हो" म्हटलं की ते "हो"सुद्धा एका कुकीत साठतं आणि पुढच्याला पट्टी दिसतच नाही. गेस्ट विंडोत प्रत्येकाला नव्याने विचारलं जाईल, हा मांजराकाठ यांच्या सवयीचा आणखी एक फायदा.

वेण्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. "जिथे सोडलं तिथून" दोन्ही कॉम्प्युटरवर चालू होतं, बंद केलं. डाउनलोड्समध्ये ती मार्कशीट होतीच, शिवाय कुणाकुणाची आधार कार्डं. सगळं काढलं.

दोन शंका. गेस्ट विंडो मध्येच मिटली तर भरलेला अर्ज जाईल का? आणि आधीचे जे लोक नुसती विंडो बंद करून गेलेत, त्यांचं काय?

टर्मिनल:
अर्जात "सेव्ह" दाबलेलं असेल तर तो सर्व्हरवर आहे, अर्ज क्रमांकाच्या नावाने. कुकी गेली तरी पुन्हा लॉगिन केलं की तो दिसेल. सेव्ह न केलेला मजकूर मात्र त्या पानावरच होता, तो जाणार. कागद स्कॅन करता करता "सेशन एक्स्पायर्ड" येतं तेव्हा तुमच्याकडे बिल्ला असतो, पण सर्व्हरने त्याच्या बाजूने तो रद्द केलेला असतो. म्हणून कागद आधी स्कॅन करून योग्य आकारात ठेवा, लॉगिन नंतर.

आधीच्या लोकांसाठी: तुम्ही इथून कुकी पुसली की या कॉम्प्युटरवरचा बिल्ला जातो, पण सर्व्हरच्या वहीत तो चालूच राहू शकतो. नीट बांधलेल्या साइटवर लॉगआउट केलं की तो तिथेही रद्द होतो. त्यामुळे घाईतही गिऱ्हाइकाला आधी लॉगआउट करायला लावा, विंडो नंतर मिटवा. त्या मुलीला आज फोन करा. तिच्या मेलच्या सुरक्षा सेटिंगमध्ये "तुमची डिव्हाइसेस" अशी यादी असेल. त्यात तुमच्या केंद्राचा कॉम्प्युटर अजून दिसत असेल तर तिच्या मोबाइलवरूनच त्याला साइन आउट करता येतं. मेल वाचला गेला असेल अशी शंका तिला असेल तर पासवर्डही बदलू दे.