एक मोठा सबवूफर की दोन लहान?

खोली ५ मीटर लांब, ४ रुंद, ३ उंच. सोफा तिघांचा. तेवढ्याच बजेटमध्ये एक १५ इंची किंवा दोन १० इंची सबवूफर (बासचे खालचे सूर वाजवणारे स्पीकर) बसतात. काय घ्यावं, आणि का?

मंद्रसप्तक: दोन. या खोलीत लांबीचा पहिला मोड (भिंतींमधल्या अंतरामुळे खोली ज्या सुराला घुमते तो) ३४ हर्ट्झला आणि रुंदीचा ४३ला येतो. एकच सबवूफर कोपऱ्यात ठेवला की दोन्ही मोड पूर्ण जोरात उठतात. मग ३४ हर्ट्झ मागच्या भिंतीपाशी घुमतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ गायब होतो. त्याऐवजी एक पुढच्या भिंतीच्या मध्यावर ठेवा, दुसरा मागच्या. समोरासमोरच्या भिंतींवर ३४चा दाब उलटसुलट असतो, म्हणून दोघं मिळून तो मोड खोडतात. ४३चा शून्यबिंदू (जिथे त्याचा दाब जवळजवळ नसतो) रुंदीच्या मध्यावरच असतो, त्यामुळे तो उठतच नाही. हरमन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२मध्ये वेगवेगळ्या मांडण्या तपासल्या, त्यांतही भिंतींचे मध्यबिंदू चांगले ठरले.

तळखर्ज: नाही पटत. खोडलेला ३४ म्हणजे खोलीकडून मिळणारी फुकटची ताकद घालवणं. व्यासाचे वर्ग करून बघा: १५चा २२५, दोन १०चे मिळून २००. खाली तर हवाच ढकलायची असते. ४०वरून २० हर्ट्झला उतरताना तेवढ्याच आवाजासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. मोठा एकच घ्या. तो आधी सोफ्यावर ठेवा, बास असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत ऐका. बास जिथे सर्वांत सपाट वाटेल तीच त्याची जागा. उरलेलं शिखर (जास्त घुमणारा सूर) ईक्यूने, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगने, कापा.

मंद्रसप्तक: शिखर कापता येतं हो, खड्डा, म्हणजे गायब होणारा सूर, कसा भरणार? ६ डेसिबल चढवायला चौपट वॉट लागतात, आणि खोल खड्ड्यात तेही रद्द होतात. शिवाय ईक्यू एका जागेसाठी बसवलं की शेजारच्याचं बिघडतं. तिघं ऐकणार आहेत ना?

मोजपट्टी: दोन घेऊन जोडणी चुकली तर एकच बरा होता असं होतं. पोर्टवाला (पेटीला हवेचं भोक असलेला) आणि सीलबंद यांची जोडी लावू नका, पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्यापाशी दोघांची फेज (लहरींच्या चढउताराची वेळ) जुळत नाही. बऱ्याच रिसीव्हरांत (स्पीकर चालवणाऱ्या यंत्रांत) दोन सब-आउट, म्हणजे सबवूफर जोडायच्या जागा, दिसतात, पण आतून सिग्नल एकच असतो. मग प्रत्येकाला वेगळा डिले (आवाज किंचित उशिरा सोडणं) द्यायला डीएसपी, म्हणजे सिग्नलवर प्रक्रिया करणारं उपकरण, लागतो. आधी दोघांची पातळी जुळवा. मग जवळच्याला डिले द्या, १.७ मीटर फरकाला साधारण ५ मिलिसेकंद. नंतर दोन्ही चालवून १५ ते २०० हर्ट्झ स्वीप घ्या, म्हणजे खालून वर सरकणारा सूर वाजवून मोजा. एखाद्या पट्ट्यात दोघांचा मिळून आवाज एकट्यापेक्षा कमी भरला तर एकाची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे बाजू) उलटून बघा. ईक्यू सगळ्यांत शेवटी आणि एकत्रित रिस्पॉन्सवरच, म्हणजे दोघांच्या मिळून मोजलेल्या आवाजावर. वेगवेगळं लावलंत तर फेज पुन्हा हलते.

तळखर्ज: तिघं रोज बसत असतील तर दोन मान्य. एकट्यासाठी मी १५ इंचीच सांगेन. पण मागच्या भिंतीच्या मध्यावर दार निघालं तर?

मंद्रसप्तक: मग डाव्या-उजव्या भिंतींच्या मध्यावर ठेवा, ३४ आणि ४३ दोन्ही तसेच आटोक्यात राहतात. समोरच्या दोन कोपऱ्यांत ठेवलेत तर फक्त ४३ खोडला जाईल.