गांडुळाला दात नाहीत, मग पाचट दळतं कोण?

पाचटवाला, शिरोळ
नमस्कार मंडळी. उसाचं पाचट आणि शेण घालून गांडूळखताचे दोन बेड लावलेत. मुलगी अकरावीला आहे. तिच्या पुस्तकात गांडुळाची पेषणी, म्हणजे अन्न दळणारा अवयव, 8-9व्या वलयात (अंगावरच्या कड्यात) दाखवलीय. एका इंग्रजी व्हिडिओत मात्र ती बरीच मागं, आणि तिच्या आधी अन्न साठवायची पिशवी. खरं कुठलं?

निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, सांगली
दोन्ही खरं, गांडुळं वेगळी. पुस्तकातलं फेरेटिमा आपल्या मातीतलं, त्याला पिशवी नसतेच. तुमच्या बेडात बहुधा आयसेनिया फेटिडा असेल. ते मूळचं युरोपातलं, तांबूस, अंगावर फिकट पट्टे. त्याची पिशवी 15-16व्या वलयात, पेषणी 17-18व्या.

प्रॅक्टिकलला मी वर्षानुवर्षं मुलांकडून फेरेटिमा उघडून घेतलं. अन्ननलिका इतकी नाजूक की चिमट्यानं फाटते, पण 8व्या वलयाशी आलं की एकदम टणक गाठ लागते. कोंबडीचा पेटा साफ केला असेल तर लगेच कळेल: जाड स्नायू, आतून चिवट अस्तर. आत आलेले वाळूचे कण हेच त्याचं जातं. म्हणून बेडात मूठ-दोन मूठ बारीक माती जरूर टाका.

पुढं आतडं. फेरेटिमात 26व्या वलयामागं त्याच्या छतातून एक घडी आत लोंबते, टिफ्लोसोल. तिच्यामुळं शोषणाची जागा वाढते. आडव्या छेदात ती पहिल्यांदा दिसली की मुलं सूक्ष्मदर्शक सोडत नसत. मला हा भाग शिकवायला फार आवडायचा.

बेडवाली ताई, वाई
सर, पेषणी एवढी दणकट, तरी ताज्या शेणात माझी गांडुळं का मेली?

निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, सांगली
ताई, ताजं शेण तापतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. त्यातच ती गेली असणार. शिवाय दळलं म्हणजे पचलं असं नाही. पाचटातला चिवट भाग फोडायला जिवाणू लागतात. गांडूळ आतड्यात पाणी आणि चिकट स्राव सोडतं, त्यावर ते जोमानं वाढतात. म्हणून पाचट आधी शेणकाल्यात भिजवून कुजवा. ढिगात हात घातल्यावर ऊब लागेनाशी झाली की मगच गांडुळं सोडा.

पाचटवाले, जात ओळखायला मुलीला मेखला मोजायला सांगा, म्हणजे अंगावरचा तो जाड पट्टा. फेरेटिमाची 14 ते 16व्या वलयांवर, आयसेनियाची 25च्या आसपास सुरू होते.

पाचटवाला, शिरोळ
सर, भिंग घेऊन दोघांनी मोजलं. पोरीनं तीनदा मोजलं, तिन्ही वेळा 26. बेडाला माती आजच टाकतो.