शब्दचर्चा: 'इन्सुलिन रेझिस्टन्स'ला मराठीत काय म्हणावं?

अनुस्वार: पीसीओएस (बायकांमधला, पाळीवर परिणाम करणारा संप्रेरकांचा विकार) या विषयावरच्या माहितीपत्रकाचं मराठीकरण चालू आहे. वाचणाऱ्या बायका सडपातळ, बीएमआय २५च्या आतला. 'इन्सुलिन रेझिस्टन्स'साठी 'प्रतिकार' घ्यावा की 'प्रतिरोध'?

काकपद: 'प्रतिकार' नकोच. रोगप्रतिकारशक्तीमुळे तो चांगल्या अर्थाने रुळलाय. वाचणारीला वाटेल, शरीर इन्सुलिनशी लढतंय ते बरंच आहे. 'प्रतिरोध' कोशापुरता ठीक. पत्रकात आधी 'इन्सुलिन रेझिस्टन्स' असंच लिहा, दवाखान्यात तेच कानावर पडतं. पुढे 'पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत' म्हणा.

टंकिका: 'दाद न देणं' चपखल आहे, पण कुठल्या पेशी ते सांगायलाच हवं. स्नायू नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. बीजांडकोश मात्र त्या वाढीव इन्सुलिनला दाद देतच राहतो! त्याच्या थीका पेशी (बीजपुटकाभोवतीच्या) जास्त अँड्रोजन, म्हणजे पुरुषी संप्रेरकं, बनवतात. यकृतात एसएचबीजी हे प्रथिन कमी तयार होतं. ते टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं, त्यामुळे ते घटलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. मुरुमं, हनुवटीवरचे राठ केस, लांबणारी पाळी हे सगळं त्या साखळीतलं. नुसतं 'शरीर दाद देत नाही' लिहिलंत तर नेमकं हेच निसटेल.

आणि हे फक्त वजनामुळे होतं असं सूचित करू नका. अँड्रिया ड्युनैफ आणि सहकाऱ्यांनी १९८९मध्ये क्लॅम्प पद्धतीने (शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन) मोजून दाखवलं की पीसीओएसमधला हा दोष लठ्ठपणाशिवायही असतो. अर्थात प्रत्येक सडपातळ रुग्णात तो असेलच असं नाही.

अनुस्वार: 'उपाशीपोटीची साखर नॉर्मल, म्हणजे रेझिस्टन्स नाही' असं मूळ मजकुरात आहे. ठेवू?

टंकिका: काढा. जादा इन्सुलिनच्या जोरावर साखर बराच काळ ताब्यात राहते. होमा-आयआरचं, म्हणजे उपाशीपोटीच्या इन्सुलिन आणि साखरेवरून काढलेल्या रेझिस्टन्सच्या आकड्याचं, उदाहरण द्या: उपाशीपोटी इन्सुलिन १२ मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर, साखर ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. १२ × ९० ÷ ४०५ = २.६७. साखर नॉर्मल, तरी आकडा चढा. साखर मिलिमोलमध्ये असेल (इथे ५.०) तर ४०५ऐवजी २२.५ने भागायचं. एककं न बघता भागाकार केला की उत्तर पार चुकतं.

काकपद: पण होमा-आयआरला 'निदान' म्हणू नका, 'अंदाज' म्हणा. इन्सुलिन मोजण्याच्या पद्धती प्रयोगशाळेगणिक वेगळ्या, त्यामुळे सर्वमान्य सीमारेषा नाही. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही रोजच्या तपासणीत रेझिस्टन्स मोजायची शिफारस नाही. वजन कितीही असो, निदानाच्या वेळी ग्लुकोजची स्थिती तपासा, असं त्या सांगतात. त्यासाठी सर्वांत अचूक ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी. दोन तासांनी साखर १४० ते १९९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आली तर ग्लुकोज सहनक्षमता बिघडलेली, २०० किंवा वर म्हणजे मधुमेहाच्या टप्प्यात.

अनुस्वार: 'वजन घटवा' हे वाक्य?

टंकिका: या पत्रकात अजिबात नको. सडपातळ बाईने जेवण तोडलं तर मेंदूकडून बीजांडकोशाला जाणारे संकेतच मंदावतात आणि पाळी आणखी लांबते. 'स्नायू वाढवा' लिहा: आठवड्यातून किमान दोन दिवस, लागोपाठ नाहीत असे, वजनं उचलण्याचा किंवा तसाच ताकदीचा व्यायाम. काम करणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही ग्लुकोज आत घेतो. आणि 'बारीक' नको, 'सडपातळ'च ठेवा. 'बारीक' वाचून काहींना ते अशक्तपणाबद्दल वाटेल.