मॅट्रिक्समध्ये फक्त ५ टक्के एनए (रिकाम्या जागा), तरी एनए.ओमिट (एकही जागा रिकामी असलेली ओळ काढून टाकणं) केल्यावर ७१ टक्के ओळी गेल्या??

अर्धवट_मॅट्रिक्स
मंडळी, दोन दिवस डोकं फिरलंय म्हणून शेवटी इथे विचारतोय. तापमानाचे २४ सेन्सर आहेत, रोजची एक नोंद, वर्षभराचा डेटा, म्हणजे ३६५ ओळी आणि २४ कॉलम, एकूण ८,७६० सेल. त्यातले ४३८ रिकामे, बरोबर ५ टक्के. मला पीसीए करायचंय, म्हणजे २४ कॉलममधले चढउतार थोडक्या एकत्रित घटकांत (कंपोनंटमध्ये) मांडायचेत. आर या प्रोग्रॅमिंग भाषेत पीआरकॉम्प या पीसीएच्या फंक्शनला दिलं तर मिसिंग व्हॅल्यूज आहेत म्हणून एरर देतं, मग एनए.ओमिट केलं तर ओळी उरल्या १०४!! ५ टक्के डेटा नाही म्हणून ७१ टक्के फेकून द्यायचा का? वैतागून सगळीकडे शून्य भरलं, चाललं एकदाचं, पण दुसरा कंपोनंट बघितला तर तो जवळपास एकट्या ७ नंबरच्या सेन्सरचाच निघाला, बाकीच्यांचा त्यात वाटाच नाही. आता सरळ कॉलमचा मीन (सरासरी) भरून मोकळा होऊ का?

हिशोबी
तुमच्या कोडमध्ये काही बिघडलेलं नाही, हा निव्वळ गुणाकार आहे. प्रत्येक सेल भरलेला असण्याची शक्यता ०.९५ धरा, अख्खी ओळ भरलेली असायची तर ०.९५ चा २४ वा घात, म्हणजे ०.२९, ते गुणिले ३६५ म्हणजे १०७ च्या आसपास ओळी. तुमच्या १०४ उरल्या, बरोबरच आहे की. १०० कॉलम असते तर याच ५ टक्क्यांत २ ओळी हाती लागल्या असत्या. म्हणून रुंद मॅट्रिक्सला एनए.ओमिट लावायचं नाही, चार-पाच कॉलम असतील तर ठीक.

आणि शून्य कशाला भरलं हो? तापमानात शून्य म्हणजे थंडी, नोंद नाही असा त्याचा अर्थ होत नाही. तीसच्या आसपासच्या कॉलममध्ये मधेच शून्यं टाकली की त्या कॉलमचा व्हेरियन्स (आकड्यांचा पसारा) फुगणार आणि पीसीए व्हेरियन्सच्याच मागे धावतं. तसंच फाईल वाचताना रिकाम्या जागेसाठी लिहिलेले -९९९ किंवा ९९९९ असले खोटे आकडे राहिलेत का बघा, समरी काढून मिनिमम-मॅक्सिमम बघितलं की लगेच दिसतात, फाईल वाचतानाच एनए.स्ट्रिंग्जमध्ये ते रिकामे धरायला सांगून टाकायचे.

झटपट_कोडर
एवढा काथ्याकूट कशाला, मीन भरा आणि पुढे चला, ५ टक्क्यांनी काय आभाळ कोसळतंय. मी कायम हेच करतो.

स्तंभलेखक
@झटपट_कोडर कायम करता म्हणून बरोबर ठरत नाही ना. आरमध्येच एअरक्वालिटी नावाचा डेटा आहे, १५३ ओळी, ओझोनमध्ये ३७ एनए. ओझोनचं स्टँडर्ड डेव्हिएशन (पसाऱ्याचं माप, व्हेरियन्सचं वर्गमूळ) काढा, ३३ च्या जवळ येईल. आता ३७ जागी मीन भरा आणि परत काढा, २८.७ येतं. मीन जागचा हलत नाही पण पसारा आकसतो, कारण तुम्ही ३७ दिवस एकच आकडा लिहिलात. कोरिलेशनचंही (दोन कॉलम किती बरोबरीने हलतात त्याचं) तेच, भरलेल्या जागी दुसऱ्या कॉलमशी काही नातंच उरत नाही त्यामुळे सगळं शून्याकडे ओढलं जातं. आणि पीसीए तर कोरिलेशनवरच उभं आहे!

कुणी म्हणेल कोरिलेशन पेअरवाईज काढू, म्हणजे प्रत्येक जोडीला ज्या ओळी पूर्ण आहेत त्या घ्यायच्या. पायथनच्या पांडाज लायब्ररीत कॉर लिहिलं की न विचारता हेच होतं. पण प्रत्येक आकडा वेगळ्या ओळींवरून आलेला असतो त्यामुळे मिळून जे मॅट्रिक्स बनतं त्याच्या आयगन व्हॅल्यू (म्हणजे एकेका कंपोनंटचा व्हेरियन्स) कधीकधी निगेटिव्ह निघतात, आणि निगेटिव्ह व्हेरियन्स म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगणार? तुमच्याकडे ५ टक्केच आहे, कदाचित होणार नाही, पण तपासून घ्या.

हिशोबी
मला त्या ७ नंबरवर जरा शंका आहे. कॉलमवार मोजा, कॉलसम्स(इज.एनए(एम)), एका ओळीचं काम आहे. आणि मग ज्या दिवशी ७ रिकामा त्या दिवशी बाकीच्या २३ चा मीन किती, आणि ज्या दिवशी भरलेला तेव्हा किती, एवढंच बघून सांगा. रोमीन्सला (ओळीचा मीन काढणारं फंक्शन) एनए.आरएम ट्रू, म्हणजे रिकाम्या जागा सोडून दे, हे सांगायला विसरू नका. (जाता जाता, हे ट्रू सगळीकडे डोळे झाकून देऊ नका, अख्खी ओळ रिकामी असेल तर मीन एनएएन (आकडाच नाही) येतो पण सम चक्क ० येतो, मी यात एकदा अख्खा आठवडा घालवलाय.)

अर्धवट_मॅट्रिक्स
बाकी सगळ्यांत १० ते २२ एनए, ७ मध्ये ६०. आणि ते साठ दिवस इतर दिवसांपेक्षा सरासरी ६ अंशांनी जास्त गरम आहेत!! म्हणजे हा पठ्ठ्या ऊन तापलं की बंद पडतो?

हिशोबी
तसंच दिसतंय. संख्याशास्त्रज्ञ रुबिन यांनी १९७६ साली मांडलेला फरक इथे कामाला येतो. आकडा उगाच कुठेही हरवलाय, का दुसऱ्या दिसणाऱ्या आकड्यांशी त्याचं नातं आहे, का जो आकडा हरवला त्याच्या स्वतःच्या मोठेपणामुळेच हरवला. तुमचा ७ नंबर तिसऱ्या प्रकारचा, सगळ्यात वाईट. तिथे मीन भरला असता तर सगळ्यात गरम दिवशी सौम्य तापमान लिहिलं गेलं असतं. पण एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे, बाकीचे २३ सेन्सर त्या दिवशी चालू होते आणि त्यांनी ऊन नोंदवलंय. ते धरून अंदाज बांधला तर तिसरा प्रकार बराचसा दुसऱ्याकडे सरकतो. एकटा कॉलम असता तर काही करता आलं नसतं.

स्तंभलेखक
आता भरायचं कसं ते. आधी रिकाम्या जागी कॉलमचा मीन टाका, एसव्हीडी (मॅट्रिक्सचे कंपोनंट सुटे करायची पद्धत) करा, पहिले दोन-तीन कंपोनंट ठेवून मॅट्रिक्स परत बांधा, त्यातले आकडे फक्त रिकाम्या जागी घाला, खरे आकडे जसेच्या तसे, आणि परत एसव्हीडी, आकडे हलायचे थांबेपर्यंत. हाताने लिहिलं तर पंधरा ओळी होतात, नाहीतर मिसएमडीए किंवा सॉफ्टइम्प्यूट पॅकेज आहेत, त्यात कंपोनंट जास्त घेतले तरी अंदाज भरकटू नये म्हणून लगामही असतो. किती कंपोनंट ठेवायचे ते मनाने ठरवू नका, माहीत असलेले ४०० सेल मुद्दाम लपवा, भरून घ्या, खऱ्याशी ताडून बघा. पुढे पी व्हॅल्यू (निकाल निव्वळ योगायोग तर नाही ना ते तपासणारा आकडा) वगैरे काढायच्या असतील तर मात्र एकदा भरून भागत नाही, माईस पॅकेजसारखं अनेकदा भरावं लागतं (डीफॉल्ट ५ वेळा), नाहीतर अंदाजाला आपण मोजमाप समजून बसतो.

झटपट_कोडर
बरं, ओझोनचं करून बघितलं. २८.७ च येतंय. माझे जुने दोन रिपोर्ट आता उघडावेसे वाटत नाहीत.

अर्धवट_मॅट्रिक्स
केलं! ४०० सेल लपवून बघितले, कॉलमचा मीन भरला तर चूक साधारण ४.८ अंश, तीन कंपोनंटने भरलं तर ०.९. जमलं म्हणायचं ना?

हिशोबी
बाकी २३ साठी हो. ७ साठी थांबा. तुम्ही लपवलेले सेल भरलेल्यांतलेच ना, म्हणजे ७ चे गरम दिवस त्या परीक्षेत आलेच नाहीत. ७ ची आजवरची सगळ्यात मोठी नोंद किती, आणि भरलेला सगळ्यात मोठा आकडा किती?

अर्धवट_मॅट्रिक्स
नोंद ३८.९, भरलेला ४२.१.

हिशोबी
मग ३८.९ च्या वर तो सेन्सर कसा वागतो याचा एकही पुरावा तुमच्याकडे नाही, सरळ रेष पुढे ओढलीय एवढंच. पीसीए दोनदा करा, एकदा ७ घेऊन, एकदा वगळून. कंपोनंट तेच राहिले तर चिंता नको, बदलले तर ७ बाहेर ठेवा आणि का ठेवला ते लिहा.

अर्धवट_मॅट्रिक्स
लावलंय रन करायला, रात्री टाकतो इथेच.